विश्लेषण : वनविद्येच्या पदवीचे आर्थिक मोल किती?

बारावी विज्ञानचा निकाल आणि सीईटीचे गुण हाती आले की कृषी अभ्यासक्रमांच्या पसंतीक्रमात ‘वनविद्या’ हा पर्याय दिसतो. मुलाला किंवा मुलीला जंगलाची आवड असते, घरच्यांचा प्रश्न मात्र सरळ असतो : याला नोकरी कुठे? ‘फॉरेस्टमध्ये साहेब होशील’ हे उत्तर बहुतेक जण देतात. ते अर्धेच खरे आहे. नैसर्गिक साधनसंपत्तीच्या संवर्धनाचे शिक्षण देणाऱ्या या चार वर्षांच्या पदवीतून पैशाच्या हिशेबात काय मिळते, काय खर्ची पडते आणि हिशेब कुठे चुकतो, याचा आढावा.

पदवीत काय शिकवतात?

महाराष्ट्रात बी.एस्सी. (ऑनर्स) वनविद्या हा चार वर्षांचा अभ्यासक्रम कृषी विद्यापीठांमार्फत चालतो. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांची महाविद्यालये या शाखेसाठी ओळखली जातात. प्रवेश राज्याच्या सीईटीवर आधारित केंद्रीय प्रक्रियेतून होतो. रोपवाटिका, वृक्षलागवड, वनमापन, मृद आणि जलसंधारण, कृषी वनशेती, लाकूड आणि गौण वनोपज, वन्यजीव व्यवस्थापन, वनकायदे असे विषय असतात. शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांना वनक्षेत्रात, गावात आणि उद्योगात प्रत्यक्ष कामासाठी पाठवले जाते.

याच वाटेवर पारंपरिक विद्यापीठांची पर्यावरणशास्त्राची पदवीही आहे. दोन्हींत एक फरक महत्त्वाचा आहे. वनविद्या ही कृषी गटातील चार वर्षांची पदवी मानली जाते, पर्यावरणशास्त्र सामान्य विज्ञान पदवीत मोडते. काही भरत्यांत हा एकच फरक अर्ज स्वीकारला जाणार की फेटाळला जाणार हे ठरवतो.

पदवीचा खरा खर्च किती?

बहुतेक घरांत फक्त फी मोजली जाते. अर्थशास्त्र त्यात आणखी एक रक्कम मिळवते : शिकण्याच्या काळात बुडालेली कमाई. एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी आहेत, प्रत्येकाने आपापले घालावेत.

समजा, सरकारी महाविद्यालयाची फी, वसतिगृह, प्रवास आणि पुस्तके मिळून वर्षाला ७० हजार रुपये जादा खर्च होतो. चार वर्षांचे झाले २ लाख ८० हजार. बारावीनंतर लगेच काम धरले असते तर महिना १२ हजार मिळाले असते असे मानू. चार वर्षांत बुडालेली कमाई होते ५ लाख ७६ हजार. म्हणजे पदवीची खरी किंमत ८ लाख ५६ हजार रुपये. त्यात फीपेक्षा बुडालेल्या कमाईचा वाटा दुप्पट आहे.

आता ही रक्कम वसूल कधी होणार? पदवीनंतर १८ हजारांची नोकरी लागली तर पदवी नसलेल्यापेक्षा महिन्याला ६ हजार जास्त मिळतात. या वेगाने वसुलीला जवळपास १२ वर्षे लागतात. २५ हजारांची नोकरी मिळाल्यास साडेपाच वर्षे, ३० हजारांची मिळाल्यास चार वर्षे. व्याज आणि वेतनवाढ यात धरलेली नाही. तरीही मुद्दा स्पष्ट होतो : पदवी तीच असते, पहिल्या नोकरीचा पगार बदलला की वसुलीचा काळ तिपटीने कमी-जास्त होतो.

खर्च कमी करता येतो. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्याने २०२४-२५ पासून लागू केला. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या योजनाही आहेत. यासाठी प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असणे आणि कागदपत्रे वेळेत देणे गरजेचे ठरते. ‘नंतर बघू’ म्हणून संस्थास्तरावर प्रवेश घेतल्यास सवलत हातची जाऊ शकते.

वनखात्यात या पदवीला प्राधान्य आहे का?

इथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. वनखात्याची शिडी वनरक्षक, वनपाल, वनक्षेत्रपाल, सहायक वनसंरक्षक अशी चढत जाते आणि वर भारतीय वन सेवेचे अधिकारी असतात.

सर्वांत खालच्या पायरीला, म्हणजे वनरक्षकाला, बारावी पुरेशी आहे. २०२३ मध्ये राज्यात वनरक्षकांच्या २,१३८ जागांची भरती निघाली. वेतनश्रेणी होती २१,७०० ते ६९,१०० रुपये, अधिक भत्ते. याचा अर्थ असा की बारावीनंतर ही नोकरी मिळवू शकणारा उमेदवार चार वर्षांत नुसत्या मूळ वेतनाचे १० लाखांहून अधिक रुपये मिळवतो. त्याच काळात त्याचा मित्र पदवी घेतो आणि पुढे तोही याच भरतीच्या रांगेत उभा राहिला, तर पदवीची चार वर्षे पैशाच्या हिशेबात तोट्यातच गेली.

वरच्या पायऱ्यांना पदवी लागते, पण ती वनविद्येचीच लागते असे नाही. भारतीय वन सेवेसाठी पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी एक विषय असलेली पदवी, किंवा कृषी, वनविद्या वा अभियांत्रिकीची पदवी चालते. राज्याच्या वन सेवेचे दारही अशाच अनेक शाखांना खुले आहे. भारतीय वन सेवेच्या जागा अलीकडे वर्षाला साधारण १५० निघतात, त्याही देशभरातून. यशस्वी उमेदवारांत अभियंत्यांची संख्या मोठी असते.

सरकारचा यामागचा विचार असा की निवड झाल्यावर प्रत्येकाला वनशास्त्र शिकवायचेच आहे. भारतीय वन सेवेचे अधिकारी डेहराडूनच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वन अकादमीत शिकतात. राज्य सेवेतील अधिकाऱ्यांसाठी वेगळ्या अकादमी आहेत. चंद्रपूरला वन प्रबोधिनी आहे. संगणक अभियंताही प्रशिक्षणात झाडाचा घेर मोजायला आणि कार्य आयोजना वाचायला शिकतो. वनविद्येच्या पदवीधराने जे चार वर्षांत स्वखर्चाने शिकलेले असते, ते त्याला सरकारी पगारावर शिकायला मिळते.

पदवीधराला फायदा अजिबात नाही असेही नाही. मुख्य परीक्षेत वनविद्या हा वैकल्पिक विषय घेता येतो आणि तो त्याच्या अभ्यासातला असतो. मात्र भारतीय वन सेवा परीक्षेत कृषी आणि वनविद्या ही जोडी एकत्र घेता येत नाही, त्यामुळे दुसरा विषय नव्याने तयार करावा लागतो. सहायक वनसंरक्षक आणि भारतीय वन सेवा या दोन्ही पदांचे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. बक्षीस मोठे आहे, पण ते या पदवीसाठी राखलेले नाही.

इतर देशांत चित्र वेगळे का?

अमेरिकेत संघराज्य सरकारच्या ‘फॉरेस्टर’ पदासाठी पदवीत वनशास्त्राचे ठरावीक श्रेयांक असावेच लागतात. कॅलिफोर्नियात १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत व्यावसायिक वनतज्ज्ञ ही परवानाधारक व्यक्ती असते आणि खासगी जंगलातील व्यापारी तोडीचा आराखडा तिलाच तयार करता येतो. तिथेही या शाखेतले पगार संगणक क्षेत्राशी स्पर्धा करत नाहीत. पण काही काम कायद्यानेच या शिक्षणाशी बांधलेले आहे.

आपल्याकडे असे बंधन औषधनिर्माणशास्त्रात दिसते. औषधाच्या दुकानाला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो, म्हणून बी.फार्म.ला किमान एक हमखास दार असते. वनविद्येसाठी देशात अशी वैधानिक परिषद किंवा परवाना नाही. महापालिकेच्या हद्दीत झाडे तोडण्याच्या परवानगीसाठी १९७५ चा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे, वृक्षगणना आहे. मोबदला वनीकरणासाठी २०१६ चा कायदा आणि त्याखालचा निधी आहे. काम भरपूर आहे. पण ‘हे काम याच पदवीधराने करावे’ असे वाक्य कायद्यात जवळपास कुठे सापडत नाही. पदवीच्या कमी भावामागचे मोठे कारण हेच.

नावावरून फसगत होऊ शकते, हेही लक्षात घ्यावे. राज्याच्या मृद आणि जलसंधारण विभागाने २०२३ च्या अखेरीस जलसंधारण अधिकाऱ्यांच्या ६७० जागांची जाहिरात काढली. जलसंधारण हा वनविद्येच्या अभ्यासक्रमातला विषय. पण पदाच्या नावापुढे कंसात ‘स्थापत्य’ असे होते.

मग या पदवीची राखीव दारे कोणती?

अशी दारे आहेत, पण ती जंगलाच्या बाजूला नसून बँकेच्या बाजूला आहेत. राष्ट्रीयीकृत बँकांतील कृषी क्षेत्र अधिकारी या पदासाठी आयबीपीएस दरवर्षी परीक्षा घेते. पात्रतेत कृषी, फलोत्पादन, पशुसंवर्धन, मत्स्यविज्ञान यांच्याबरोबर वनविद्या आणि कृषी वनशेतीच्या चार वर्षांच्या पदवीचा स्पष्ट उल्लेख असतो. संगणक अभियंता किंवा कला शाखेचा पदवीधर इथे अर्जच करू शकत नाही. २०२४ च्या वेतन करारानंतर श्रेणी एक अधिकाऱ्याचे मूळ वेतन ४८,४८० रुपयांपासून सुरू होते. देशभरात साधारण तीनशे ते पाचशे जागा निघतात. अर्थात स्पर्धक कृषी पदवीधर असतात आणि त्यांची संख्या मोठी आहे. शिवाय बदली देशात कुठेही होऊ शकते. तरीही ज्या परीक्षेत हजारो अभियंते आपले स्पर्धक नाहीत, ती वनविद्येच्या किती विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून ठाऊक असते?

नाबार्डच्या अधिकारी भरतीत २०२३ मध्ये वनविद्या ही स्वतंत्र शाखा होती, पण जागा होत्या अवघ्या दोन. तिच्यावर विसंबून राहता येणार नाही, मात्र जाहिरातीवर नजर हवी.

दुसरे दार स्वयंरोजगाराचे. केंद्राच्या कृषी चिकित्सालय आणि कृषी व्यवसाय केंद्र योजनेत कृषी आणि संलग्न शाखांच्या पदवीधरांना, त्यात वनविद्याही आली, ४५ दिवसांचे मोफत प्रशिक्षण मिळते. नंतर बँकेने मंजूर केलेल्या प्रकल्पाला सर्वसाधारण गटात ३६ टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ४४ टक्के अनुदानाची तरतूद आहे. रोपवाटिका हा या पदवीधरासाठी सर्वांत जवळचा धंदा. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यातील दुरुस्तीने बांबूला ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळले. त्यामुळे खासगी जमिनीवरच्या बांबूची तोड आणि वाहतूक सोपी झाली आणि खात्रीच्या रोपांना मागणी आली. मात्र रोपवाटिकेत पहिले एक-दोन हंगाम पैसा अडकतो. घरची जमीन आणि पाणी नसेल तर हा मार्ग पदवीच्या जोरावर एकट्याने पेलत नाही.

खासगी क्षेत्रात पगार कशावर ठरतो?

खासगी कामाचा मोठा भाग नियमांमुळे तयार झाला आहे. कंपनी कायदा, २०१३ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक दायित्वावर खर्चावे लागतात आणि पर्यावरण हा त्यातला मान्य विषय आहे. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार आघाडीच्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केला. मोठ्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय आघात मूल्यांकन करावे लागते आणि ते मान्यताप्राप्त सल्लागार संस्थांकडूनच. २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यवहार योजना आणि ग्रीन क्रेडिट नियमही आले.

या साखळीत पगार पायरीनुसार ठरतो. रोपे लावणे, जगलेल्या झाडांची मोजणी, गावात बैठक घेणे ही कामे प्रकल्पापुरती आणि कंत्राटी असतात. प्रकल्प संपला की पगार थांबतो. त्याच झाडांचा उपग्रह प्रतिमेवरून नकाशा करणारा, वाढलेल्या कार्बनचा हिशेब मांडणारा आणि अहवाल लिहिणारा एक पायरी वर बसतो. आघात मूल्यांकनाच्या अहवालात परिसंस्था आणि जैवविविधता या विषयाचा मान्यताप्राप्त तज्ज्ञ म्हणून सही करायची तर त्यासाठी पुढचे शिक्षण आणि कामाचा अनुभव लागतो.

म्हणून पदवीच्या जोडीला काय आहे हा प्रश्न निर्णायक ठरतो. जीआयएस म्हणजे भौगोलिक माहिती प्रणालीचे ‘क्यूजीआयएस’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. डेहराडूनची भारतीय दूरसंवेदन संस्था ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत चालवते. संख्याशास्त्राची ओळख आणि नीट इंग्रजीत दहा पानी अहवाल लिहिण्याची सवय ही कौशल्ये वसतिगृहातच, जवळपास विनाखर्च मिळवता येतात. वरच्या उदाहरणातले १८ हजार आणि ३० हजार यांतले अंतर बहुतेक वेळा याच कौशल्यांचे असते.

आणखी एक क्षेत्र आहे, जिथे काम आहे पण पद नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर राज्यातील अनेक ग्रामसभांना असे हक्क मिळाले. बांबू, तेंदूपाने यांची विक्री, जंगलाचा व्यवस्थापन आराखडा, पुढच्या तोडीचे नियोजन यासाठी त्यांना तंत्रज्ञ हवा असतो. सध्या हे काम बरेचदा स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांकडून होते. ग्रामसभांच्या समूहाने मिळून एक वनविद्या पदवीधर पगारावर ठेवावा अशी पद्धत रुजली, तर जंगलातच या पदवीला खरे दार मिळेल.

पदव्युत्तर शिक्षण घ्यावे का?

तीन वाटा आहेत. कृषी विद्यापीठांत एम.एस्सी., डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत किंवा भारतीय वन्यजीव संस्थेत संशोधनाकडे नेणारे शिक्षण आणि भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेत व्यवस्थापन पदवी. पहिल्या दोन वाटा अध्यापन आणि संशोधनाच्या आहेत, त्यांत स्थिर पद मिळायला वेळ लागतो. तिसरीची फी सरकारी कृषी महाविद्यालयाच्या कैकपट असते, मात्र तिथे कंपन्या आणि मोठ्या संस्था भरतीसाठी येतात. नोकरी लागत नाही म्हणून एम.एस्सी. करणे ही वाट सर्वांत जास्त तुडवली जाते आणि पैशाच्या हिशेबात तीच सर्वांत महाग पडते. कारण दोन वर्षांची कमाई पुन्हा बुडते आणि पात्रतेत फारशी भर पडत नाही.

स्पर्धा परीक्षेची किंमत किती?

आता मूळ हिशेबाकडे वळू. समजा, पदवीनंतर १८ हजारांची नोकरी सोडून विद्यार्थी पुण्यात तयारीला गेला. खोली, अभ्यासिका आणि क्लासचा जादा खर्च महिना १० हजार. दोन वर्षांचा खर्च २ लाख ४० हजार, बुडालेला पगार ४ लाख ३२ हजार, एकूण ६ लाख ७२ हजार. तिसरे वर्ष काढले की आकडा १० लाख ८ हजारांवर जातो. म्हणजे तयारीची तीन वर्षे पदवीच्या चार वर्षांहून महाग पडतात. फीच्या पावतीवर घासाघीस करणारे घर ही रक्कम कधी मोजत नाही, कारण ती एकदम भरावी लागत नाही. दर महिन्याला थोडी थोडी निसटते.

तयारी करूच नये असा याचा अर्थ नाही. ५६,१०० रुपये मूळ वेतनाचे पद मिळाले तर हा खर्च काही वर्षांत भरून निघतो. पण न मिळण्याची शक्यता मोठी असल्याने मुदत आधी ठरवावी लागते. एकाच परीक्षेवर सगळे न लावता त्याच अभ्यासात वन सेवा, बँकेची कृषी अधिकारी परीक्षा आणि वनरक्षक अशा तीन पायऱ्या बसवता येतात. शारीरिक तयारीही वेळेत हवी. भारतीय वन सेवेत पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर, तर महिलांना १४ किलोमीटर चालावे लागते.

प्रवेश घेण्यापूर्वी काय विचारावे?

महाविद्यालयाला ‘प्लेसमेंट किती?’ एवढेच विचारू नये. मागच्या दोन तुकड्यांतील किती जण आज पगारावर आहेत, किती जण अजून तयारी करत आहेत आणि मधला विद्यार्थी किती कमावतो, हे विचारावे. सरासरी फसवी असते. एक जण वन सेवेत गेला की सगळ्या वर्गाची सरासरी वर जाते. शक्य असल्यास पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या तिघांशी फोनवर बोलावे.

दुसरा प्रश्न स्वतःला विचारायचा. जंगलाची आवड म्हणजे सुट्टीतली सफारी की उन्हाळ्यात दिवसभर खड्डे मोजण्याची तयारी? या क्षेत्रातले पहिले काही पगार आवडीच्या बळावरच झेपतात.

सरकारी महाविद्यालयात, शुल्क सवलतीसह आणि जोडकौशल्य घेऊन केलेली वनविद्येची पदवी तोट्याचा सौदा नाही. भरमसाट फीच्या खासगी महाविद्यालयात, केवळ वनाधिकारी होण्याच्या एकाच आशेवर केलेली तीच पदवी मात्र महागात पडू शकते. त्यामुळे सीईटीच्या पसंतीक्रमात वनविद्या लिहिताना घरात आणखी एक आकडा कागदावर लिहून ठेवावा : पदवीनंतर थांबायचे ते जास्तीत जास्त किती महिने.